दहा मिनिटांचा समुद्र

चांदूर रेल्वेच्या फलाटावरून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटरच्या घरात, मालवणचा त्याहून लांब. तरी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की तालुक्यातल्या कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर तोच फोटो झळकतो. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि वर केलेला अंगठा. खाली ओळ असते, ‘स्कूबा डायव्हिंग केलं’. पाण्याखाली माणसं नेण्याचं काम आधी मालवणच्या किनाऱ्यावर आणि मग थायलंडच्या आखातातल्या एका बेटावर केल्यानंतर या ओळीबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. त्या माणसाने डायव्हिंग केलेलं नसतं, त्याला कोणीतरी पाण्याखाली फिरवून आणलेलं असतं. यात त्याची काही चूक नाही. किनाऱ्यावर त्याला विकायला तेवढंच होतं. पण समुद्राखाली जायचं म्हणजे खोली विकत घ्यायची, अशी जी समजूत या धंद्याने करून दिली आहे, ती मला मुळातच चुकीची वाटते. तिथे विकत घ्यायची गोष्ट म्हणजे वेळ, आणि नेमका तोच कोणी विकत नाही, कोणी मागतही नाही.

त्या फोटोतला अंगठाच घ्या. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून डायव्हर लोकांच्या हाताच्या खुणा जगभर ठरलेल्या आहेत. ‘सगळं ठीक’ सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मला वर जायचं आहे’, आणि ती खूण दिसली की कारण न विचारता माणसाला वर न्यायचं, हा या कामातला साधा नियम. पर्यटक मात्र आयुष्यभर अंगठा वर करूनच ‘मस्त’ म्हणत आलेला असतो. मग कॅमेऱ्यासमोर त्याचा अंगठा वर झाला की गाइडला मास्कच्या काचेतून त्याचे डोळे बघून ठरवावं लागतं, हा खूश आहे की घाबरला आहे. किनाऱ्यावर पाच मिनिटं समजावून सांगितलेलं असतं, नाही असं नाही. पण ती पाच मिनिटं होडीच्या इंजिनाच्या आवाजात, अर्धं लक्ष मोबाइल सांभाळण्यात असताना, मागचा गट रांगेत उभा असताना दिलेली असतात. डोक्यात काही शिरत नाही. म्हणून गाइड सिलिंडरच्या मानेशी धरून पाहुण्याला मागून हाकतो. जॅकेटमध्ये हवा किती भरायची, किती सोडायची हे तोच बघतो, दाबाचा काटा तोच वाचतो. पाहुण्याने श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. पाच-सात मीटर खोलीवर दहा-पंधरा मिनिटांत हे सगळं उरकतं, आणि सिलिंडर पुढच्या पाठीवर चढतं.

आता या घाईसमोर पाण्याचे नियम ठेवून बघा. ते सगळेच्या सगळे सावकाशीचे आहेत. दर दहा मीटरला अंगावर एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच तो दुप्पट होतो. कानाच्या पडद्यामागची हवा त्याने आक्रसते, नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारली की कान मोकळा होतो. पण हे पहिल्या मीटरपासून, दुखायला लागायच्या आधी, थांबत थांबत करायचं असतं. नाही जमलं तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसायचं. वर येताना हिशेब उलटा होतो. दहा मीटरवर भरलेली छाती श्वास रोखून पृष्ठभागावर आणली तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस काही फुगा नाही. दीड-दोन मीटरवरून श्वास रोखून वर आलेल्यांनाही इजा झालेली आहे. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा डायव्हिंगचा पहिला धडा. वर यायचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या आत ठेवायचा आणि पाच मीटरवर तीन मिनिटं नुसतं थांबायचं. यातलं पाठ करायला अर्धा तास पुरतो. पण घाबरलं की माणूस श्वास रोखतो, ही जन्माची सवय आहे, आणि ती मोडायला दिवस लागतात. कुस्तो आणि गाग्नां या फ्रेंच जोडीने 1943 मध्ये सिलिंडरमधली हवा श्वासापुरती तोंडात सोडणारा रेग्युलेटर तयार केला, तेव्हापासून यंत्र कितीतरी सुधारलं. घाबरणारं शरीर तेच राहिलं.

सावकाशीचा फायदा आकड्यांत दाखवता येतो. बारा लिटरचं सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरलं की त्यात साधारण 2400 लिटर हवा मावते. 50 बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला 1800 लिटर. शांत माणसाला जमिनीवर मिनिटाला पंधरा लिटर लागत असतील तर दहा मीटरवर तीस लागतात, आणि त्याला तासभर खाली राहता येतं. तोच माणूस धापा टाकत मिनिटाला चाळीस लिटर ओढू लागला तर तिथे ऐंशी लागतात आणि बावीस-तेवीस मिनिटांत काटा राखीव खुणेवर येतो. हवा तेवढीच, समुद्रही तोच. शिकण्यात घालवलेले दोन दिवस माणसाला पाण्याखाली जवळजवळ तिप्पट वेळ देतात. या दोन दिवसांत जास्त खोल कसं जावं हे कोणी शिकवत नाही. मास्कमध्ये पाणी आलं तर न बिथरता नाकाने फुंकून कसं काढावं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर हात फिरवून कसा शोधावा, पोटातल्या श्वासावर ना वर ना खाली असं अधांतरी कसं राहावं, एवढंच शिकवतात. हे जमल्यावरच माणूस कॅमेरा सोडून माशाकडे बघू लागतो.

वऱ्हाडाला हे नवं वाटायचं कारण नाही. आमच्या शेतांतल्या विहिरींवर पोट्टे पोहायला शिकले ते उन्हाळाभरात. पाठीला टिनाचा डबा किंवा सुकलेला भोपळा बांधलेला, काठावर मामा नाहीतर काका दोर धरून, आणि रोज दुपारी तेच ते. आधी पायरीवर, मग पायरी सोडून दोन हात, मग आडवी विहीर. डबा कधी सोडायचा ते पोट्टा ठरवत नसे, काका ठरवे. ही शिकवण्याची रीत जगातल्या कोणत्याही डायव्हिंग संस्थेच्या रीतीपेक्षा फार वेगळी नाही: आधी उथळ, मग खोल, आणि वर नजर ठेवणारा एक माणूस. बोअर वाढले, विहिरी मार्चातच तळाला जाऊ लागल्या, आणि ती शाळा गावोगाव बंद पडत गेली. परिणाम असा की चाळिशीच्या आतला पुष्कळसा वऱ्हाडी माणूस पोहता न येताच समुद्रावर पोहोचतो, आणि ‘पोहता येत नसलं तरी चालतं’ ही पाटी त्याला दिलासा वाटते. पाटी खोटी नाही. दहा मिनिटांच्या फेरीला पोहणं खरंच लागत नाही. पण तिथवर नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या होडीला ही सवलत नसते.

कारण माणसं बुडतात ती बहुधा खोल पाण्यात शिरून नव्हे. 24 मे 2022 ला तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली. दोघे दगावले, त्यांतला एक अकोल्याचा होता. पाण्याखालची फेरी सुखरूप पार पडली होती, घात झाला तो पृष्ठभागावर. त्याच्या आठ महिने आधी, 14 सप्टेंबर 2021 ला, आपल्याच अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. तिथे ना सिलिंडर होतं, ना साहस. दशक्रियेला आलेली घरची माणसं होती. या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपण भीती भलतीकडे खर्च करतो असं वाटतं. शार्क चावेल का, हवा संपेल का, हे प्रश्न प्रत्येक जण विचारतो. होडीत किती जण बसणार, लाइफ जॅकेट अंगावर राहणार की बाकाखाली, वारा कोणत्या दिशेचा आहे आणि तांडेल आज तिसरी फेरी मारतो आहे की आठवी, हे विचारणारा क्वचित भेटतो. मे महिन्याच्या शेवटाला समुद्राचा रंग बदलतो, दुपारनंतर वारा चढतो, लाट आखूड आणि उभी होते. किनाऱ्यावरचा माणूस हे जाणतो. पण सुटी त्याच आठवड्यात संपत असते, गिऱ्हाईकही त्याच आठवड्यात आलेलं असतं, आणि एकदा घाई ठरली की तीच सगळ्यांना पाण्यात ढकलते.

थायलंडच्या आखातातलं को ताओ हे बेट याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतं. बेट जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं. 1933 ते 1947 या काळात तिथे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आज जगात सर्वांत जास्त लोक जिथे डायव्हिंग शिकतात अशा मोजक्या ठिकाणांत त्याचं नाव येतं. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने चुंफोनला उतरायचं, सकाळी बोट धरायची, पाठीवर एकच पिशवी आणि मुक्काम दहा खाटांच्या खोलीत. हे बॅकपॅकिंग म्हणजे स्वस्तात मजा, असं आपल्याकडे समजतात. माझ्या मते त्याचा खरा अर्थ राहण्या-खाण्याचे पैसे वाचवून दिवस विकत घेणं असा आहे. ज्याने खोलीवर कमी खर्च केला तो चार दिवस राहू शकतो, आणि तीन-चार दिवसांत सुरुवातीचा ओपन वॉटर अभ्यासक्रम होतो. त्यात दोनशे मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह येतात. तो झाल्यावर जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट काढली तेव्हापासून नागपूर-पुण्याचीच नव्हे, अमरावती-यवतमाळची मराठीही तिथल्या धक्क्यावर ऐकू येते. त्यांतले निम्मे मात्र पाच दिवसांत चार शहरं आणि तीन बेटं करून आलेले असतात आणि को ताओला त्यांच्याकडे एक दुपार असते. अशा माणसाला बेट बदलून काय मिळालं? मालवणचीच दहा मिनिटं, जरा निवळशंख पाण्यात.

को ताओ तरी कुठे सोवळं आहे, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. तिथेही शिक्षणाचा कारखाना झालेला आहे. सकाळच्या बोटीवर गर्दी, एकाच खडकावर अनेक गट, वाळूत गुडघे टेकलेले नवशिके, त्यांच्या पायांतल्या पंखांनी उडालेला गाळ. तीन दिवसांत प्रमाणपत्र हातात पडलं म्हणजे डायव्हर झाला असंही नाही. गाडी चालवायचा परवाना मिळाल्यावर मुंबई-पुणे रस्त्यावर एकटं सोडावं अशी ती अवस्था नसते. पण कारखान्यातही एक किमान वेळ ठरलेला आहे, त्याखाली कोणी जाऊ शकत नाही, आणि सगळा फरक तिथे पडतो. शिवाय गर्दीचा त्रास झाल्यावर थाई सरकारने नियमही घट्ट केले. 2025 मध्ये त्यांनी पाण्याखाली कॅमेरा नेण्यावर अट घातली: प्रगत प्रशिक्षण झालेलं हवं किंवा चाळीस डाइव्हची नोंद हवी. कारण उघड आहे. ज्याला अधांतरी राहता येत नाही तो फोटोसाठी प्रवाळाला धरतो, त्यावर उभा राहतो, आणि दशकांनी वाढलेली फांदी क्षणात मोडते. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. पाण्याखालचा व्हिडिओ हाच विक्रीचा माल आहे, सोबत समुद्र फुकट.

सगळ्यांत वजनदार हरकत वेळेची आणि पैशाची आहे. चांदूरच्या शिक्षकाला, दुकानदाराला, सोयाबीन निघाल्यावर चार दिवस मोकळा झालेल्या शेतकऱ्याला कोणी म्हणावं, आठवडाभर बेटावर राहा आणि शिका? बडनेऱ्याहून मडगावची गाडी धरून कुडाळला उतरायचं म्हटलं तरी जाण्या-येण्यात दोन दिवस गेले. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याचं विमानतळ 16 एप्रिल 2025 ला सुरू झालं खरं, पण घरातली चार तिकिटं काढणं प्रत्येकाला परवडणारं नाही. त्याच्या वाट्याला आयुष्यात एकदा येणाऱ्या त्या दहा मिनिटांकडे तुम्ही तुच्छतेने का बघता, असा हा प्रश्न आहे, आणि तो मला लागतो. त्या दहा मिनिटांना मी तुच्छ म्हणत नाही. ज्याने कापसाच्या रानापलीकडे पाणी पाहिलं नाही त्याला डोक्यावर समुद्र घेऊन श्वास घेता येतो हेच केवढं तरी आहे. पण शिकण्याचा मोठा भाग समुद्रावर नाहीच, तो घराजवळ होतो. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा जलतरण तलाव आहे. एका उन्हाळ्यात तिथे पोहणं, तरंगणं, पाण्यात तोंड घालून सावकाश श्वास सोडणं शिकलेला माणूस मालवणला उतरला तर त्याच्या त्याच दहा मिनिटांना वेगळी किंमत येते. घाबरायचं काम घरीच उरकलेलं असतं. शिवाय होडी उलटली तर तो तरंगतो.

दुसरी हरकत मालवणच्या लोकांची, आणि ती रास्त आहे. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य जाहीर झाला तेव्हा मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पोटावर पाय येईल ही त्यांची भीती होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) सिंधुदुर्ग प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग-स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि ज्या घरात फक्त जाळं होतं तिथे सिलिंडर आलं. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर उरलेल्या आठांत वर्षाची मिळकत करायची असते. अशा माणसाने एका पाहुण्याला दोन दिवस शिकवत बसावं, की दिवसाला पंधरा-वीस जणांना फिरवून आणावं? आज त्याला दुसरं परवडतं, कारण पहिल्याला गिऱ्हाईकच नाही. म्हणून दोष एकट्या किनाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. दर पाडून मागणारे आपण, ‘शेजारचा दोनशे कमी घेतो’ म्हणणारे आपण, आणि व्हिडिओ आला नाही म्हणून पैसे कापणारेही आपणच. दोनशे रुपये कमी झाले की ते कुठून तरी काढावे लागतात, आणि ते निघतात गाइड आणि पाहुणा यांच्या प्रमाणातून, होडीच्या फेऱ्यांतून, समजावून सांगायच्या मिनिटांतून.

या व्यवस्थेला फार दिवस आहेत असंही नाही. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट जाहीर केली. पाणी जास्त दिवस तापलं की प्रवाळ आपल्या पोटातलं शेवाळ बाहेर टाकतं, आणि त्याचं अन्न आणि रंग दोन्ही त्याबरोबर जातात. मालवणचं प्रवाळ आधीच गढूळ पाण्यात तग धरून आहे. त्यावर रोज शेकडो पाय आणि माशांना जमवण्यासाठी टाकलेला पाव, हा भार वरचा आहे. दुसरीकडे सरकारने निवतीजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका समुद्रतळाशी ठेवण्याची योजना आखली आहे, म्हणजे नवं खडकाळ घर तयार होईल आणि जुन्यावरचा ताण हलका होईल. कल्पना चांगली आहे. पण बुडवलेलं जहाज बघायचं म्हणजे स्वतःचा काटा स्वतः वाचणारा, जोडीदारावर लक्ष ठेवणारा माणूस हवा. मानेशी धरून हाकलेल्या पाहुण्याला तिथे नेता येणार नाही, आणि नेऊही नये. शिकलेले डायव्हर महाराष्ट्रात वाढले नाहीत तर ते जहाज कोणासाठी, हा प्रश्न जहाज बुडवायच्या आधी विचारलेला बरा.

राहिला एक मुद्दा, तो परतीच्या तिकिटाचा. दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघतो. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या तर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्यावेत असा दंडक आहे, आणि उंच घाट चढणंही त्याच हिशेबात येतं. दहा मिनिटांच्या एकाच उथळ फेरीला याची फिकीर कमी, तरी त्यानंतरही निदान 12 तास जाऊ द्यावेत. पण ज्याने शिकून चार डाइव्ह केल्या त्याला ती जास्त करावी लागते, कारण समुद्रावरून वऱ्हाडात यायचं म्हणजे कुठून तरी सह्याद्री चढावाच लागतो. रेल्वेने कसारा-इगतपुरी यायला बरेच तास जातात, मोटारीने निघालं तर फोंडाघाट दोन तासांत समोर येतो. तेव्हा किनाऱ्यावर चार दिवस असतील तर तिसऱ्या दुपारी शेवटची डाइव्ह आणि चौथा दिवस कोरडा, अशी मांडणी करावी. ही मांडणी ऐकली की बहुतेक जण म्हणतात, एक दिवस वाया गेला ना भाऊ. मालवणात एक दिवस वाया घालवणं ज्याला जमत नसेल त्याने ताडोबाला जावं, आपल्याला ते जवळही पडतं.